चौदा महिन्यांची मुलगी, पावणेसहा वर्षांचा मुलगा आणि एक हॅचबॅक : गाडीत मुलांची सीट कशी निवडावी

बोरिवलीच्या एका आईने विचारले आहे. मुलगी १४ महिन्यांची आहे, वजन ९.४ किलो, उंची ७६ सेंटिमीटर. मुलगा पावणेसहा वर्षांचा आहे, वजन १९ किलो, उंची ११२ सेंटिमीटर. गाडी हॅचबॅक असून तिला नंतर सीएनजी किट बसवून घेतलेले आहे. मुलगी जन्मापासूनच्या छोट्या सीटमध्ये मागे तोंड करून बसते, पण आता पाय दुमडावे लागतात, म्हणून तिला पुढे तोंड करून बसवावे असे घरच्यांचे मत आहे. मुलगा मोठ्यांसारखा नुसत्या बेल्टवर बसतो. न्यू जर्सीला राहणारा चुलतभाऊ आपल्या मुलाची वापरलेली सीट गणपतीला येताना घेऊन येणार आहे. सासूबाईंना मात्र आईच्या मांडीइतके सुरक्षित दुसरे काही वाटत नाही. गणपतीला पाचही जण याच गाडीने रत्नागिरीला जाणार आहेत, आणि त्यापूर्वी ‘जन्मापासून बारा वर्षांपर्यंत’ चालणारी एकच सीट घेऊन टाकावी का, असा मूळ प्रश्न आहे.

मी वाहन अभियंता आहे. उमेदीची बरीच वर्षे गाड्यांच्या सीट आणि बेल्टच्या चाचण्यांमध्ये गेली आणि आता मुंबईतल्या पालकांच्या गाड्यांत मुलांच्या सीट नीट बसल्या आहेत की नाहीत हे तपासून देते. त्यामुळे उत्तर लांबेल, पण ज्या एका गोष्टीभोवती ते फिरणार आहे ती आधीच सांगते. मागे तोंड, मग पुढे तोंड आणि सीटचेच पाच पट्टे, मग बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून गाडीचा बेल्ट नीट बसवणारी बैठक, मग नुसता बेल्ट, असे हे टप्पे आहेत, आणि प्रत्येक पुढच्या टप्प्यावर मुलाचे संरक्षण थोडे कमी होते. म्हणून पुढच्या टप्प्यात ‘आता जाता येते’ हे जाण्याचे कारण नव्हे. ‘आता इथे मावत नाही’ हेच कारण. आपल्याकडे शाळेत वरच्या वर्गात गेल्याचा जसा आनंद होतो तसा तो इथेही केला जातो, आणि बहुतेक चुका तिथून सुरू होतात.

मांडीचा मुद्दा आधी घेते, कारण तो सुटल्याशिवाय पुढचे सारे व्यर्थ आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली तर आतल्या माणसाच्या दृष्टीने तो धक्का सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडल्यासारखा असतो. तो वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावर आला असे धरले, तर ९.४ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सरासरी १३० किलोहून अधिक वजन पेलण्याइतका जोर लागतो, आणि प्रत्यक्षातला क्षणिक जोर त्याहूनही मोठा असतो. हा जोर कोणत्याही आईच्या हातात नाही. इथे माया कमी पडत नाही, स्नायू कमी पडतात. आईने बेल्ट लावलेला नसेल तर ती स्वतःच बाळाच्या अंगावर जाऊन आदळते, आणि दोघांभोवती मिळून एकच बेल्ट लावला तर आईचे सारे वजन बेल्टमार्फत बाळाच्या पोटावर येते, जे सर्वांत वाईट. ‘मुंबईत गाडी वीसच्या वर जातेच कुठे’ हा युक्तिवादही मी रोज ऐकते. दुपारी चार वाजता अंधेरीत तो खरा असेल, पण रात्री अकरानंतरचा पश्चिम द्रुतगती महामार्ग, ताशी ८० ची मर्यादा असलेला किनारी रस्ता आणि ताशी १०० ची मर्यादा असलेला अटल सेतू हेही मुंबईतच आहेत, आणि ताशी ३० चा धक्कादेखील साडेतीन मीटरवरून पडण्याइतका असतो.

सासूबाईंना हे पटवताना आकड्यांपेक्षा एक साधी गोष्ट उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. पाच किलो तांदळाची पिशवी त्यांच्या मांडीवर द्या, मोकळ्या रस्त्यावर मागेपुढे कोणी नाही हे पाहून ताशी वीसच्या वेगात थोडा जोरात ब्रेक मारा, आणि पिशवी कुठे जाते ते त्यांनाच पाहू द्या. अर्थात त्यांना बेल्ट लावून.

आता मुलीकडे वळू. तिला पुढे तोंड करून बसवू नका. लहान बाळाचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फार मोठे असते. जन्मतः ते शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, तर मोठ्या माणसात ते साधारण आठवा हिस्सा भरते. या जड डोक्याखाली मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात; त्यांचे तुकडे कूर्चेने जोडलेले असतात आणि ते एकसंध व्हायला तीन ते सहा वर्षे लागतात. गाडी समोरून आदळते तेव्हा पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांनी मागे धरले जाते, पण डोके पुढे फेकले जाते आणि सारा ताण त्या अपक्व मानेवर येतो. स्नायूबंध ताणले जातात, पण आतला मज्जारज्जू तितका ताणला जाऊ शकत नाही. पाठमोऱ्या सीटमध्ये, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असताना, तोच धक्का सीटच्या कवचातून डोके, मान आणि पाठ यांवर एकत्र पसरतो आणि मान डोक्यापासून वेगळी खेचली जात नाही. स्वीडनमध्ये चाल्मर्स तंत्रविद्यापीठाचे प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली, आणि अंतराळवीरांना उड्डाणाच्या वेळी ज्या प्रकारे पाठीवर टेकवून बसवतात त्यावरून ती सुचली होती. तिथे आजही साधारण चार वर्षांची होईपर्यंत मुले पाठमोरी बसतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये आपल्या शिफारशीतून दोन वर्षांची अटही काढून टाकली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरेच ठेवा, असे सांगितले.

पाय दुमडतात ही तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात होते. आपली मुले जेवायला मांडी घालून बसतात, झोपताना गुडघे पोटाशी घेतात, आणि त्यातले काहीच त्यांना दुखत नाही. पाय मागच्या बाकाच्या पाठीला टेकले म्हणजे सीट लहान झाली असे होत नाही. सीट लहान झाली हे दोनच गोष्टींवरून ठरते. वजन लेबलवरच्या मर्यादेला पोहोचले, किंवा डोक्याचा वरचा भाग कवचाच्या वरच्या कडेशी येऊ लागला. तुमच्या सीटच्या लेबलवर १३ किलो असे लिहिलेले असेल आणि टाळू कवचाच्या कडेच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली असेल, तर ही सीट गणपतीपर्यंत आणि त्यानंतरही चालेल.

पुढची सीट घेताना मात्र एका सापळ्यात अडकू नका. बाजारात ‘० ते १८ किलो’ असे ठळक लिहिलेल्या अनेक सीट जुन्या युरोपीय नियमाप्रमाणे, म्हणजे आर४४ प्रमाणे, मान्यता घेतलेल्या असतात. आपला भारतीय मापदंड एआयएस-०७२ हाही त्याच घराण्यातला आहे. त्या नियमात वजनाचे गट आहेत. गट ०+ मध्ये १३ किलोपर्यंत, गट १ मध्ये ९ ते १८, गट २ मध्ये १५ ते २५ आणि गट ३ मध्ये २२ ते ३६ किलो. त्यामुळे अशी सीट बहुधा १३ किलोपर्यंतच पाठमोरी बसते आणि ९ किलोपासून पुढे तोंड करण्याची परवानगी देते. खोक्यावरचा तो ९ चा आकडा पाहून विक्रेता सांगतो, ‘मॅडम, आता फिरवा.’ तो आकडा कायद्याने चालते ती सर्वांत खालची पायरी आहे; सल्ला नव्हे. २०१३ मध्ये आलेल्या आर१२९ या नव्या नियमाने याच कारणाने वजनाऐवजी उंची हा आधार धरला, १५ महिने पूर्ण होईपर्यंत पाठमोरे बसवणे सक्तीचे केले आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी घातली, जी आर४४ मध्ये नव्हती. युरोपात आर४४ च्या सीट विकणे सप्टेंबर २०२४ पासून बंद झाले, पण आपल्याकडे दोन्ही दिसतात. तुम्ही पाहत असलेल्या सीटच्या नारिंगी लेबलवर गोलात ‘ई’ आणि एक आकडा असतो, तो मान्यता देणाऱ्या देशाचा. त्याखालचा मान्यता क्रमांक ०४ ने सुरू होत असेल तर ती आर४४ ची अखेरची आवृत्ती. आर१२९ च्या लेबलवर सेंटिमीटरमध्ये उंची छापलेली असते. शक्य असेल तर १०५ सेंटिमीटरपर्यंत किंवा १८ किलोपर्यंत पाठमोरी बसणारी सीट शोधा. ती थोडी महाग आणि पुढच्या सीटची जागा खाणारी असते, पण ती तुमच्या मुलीला साधारण चौथ्या वर्षापर्यंत पुरेल.

‘जन्म ते बारा वर्षे’ या सर्वकामी सीटबद्दल माझे मत फारसे चांगले नाही, पण अगदी वाईटही नाही. अशी सीट प्रत्येक टप्प्याचे काम बऱ्यापैकी करते आणि कोणत्याही टप्प्याचे उत्तम करत नाही. नवजात बाळ तिच्यात हरवते, आणि मूल बूस्टरच्या वयात येईपर्यंत तिचे प्लास्टिक मुंबईच्या उन्हात आणि दमट हवेत सात-आठ वर्षे काढून जुने झालेले असते. एकुलते एक मूल आणि आटोपशीर बजेट असेल तर मी तिला नाही म्हणत नाही, फक्त तिची पाठमोरी मर्यादा किती ते आधी पाहते. तुमच्या घरी दोन मुले दोन वेगळ्या टप्प्यांवर आहेत. त्यामुळे तुम्हाला आजच दोन वेगळ्या गोष्टी लागणार आहेत आणि त्या सीटचा मुख्य फायदाच उरत नाही.

मुलाची स्थिती मला मुलीपेक्षा अधिक काळजीची वाटते, कारण ती कोणालाच खटकत नाही. तो ‘मोठा’ दिसतो, बेल्ट लावतो आणि गप्प बसतो. मोटार वाहन कायद्याचे २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ ब म्हणते की १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षा सीट यांनी बांधलेले नसेल, तर चालकाला १,००० रुपये दंड. वाक्यातल्या त्या ‘किंवा’मुळे तुमचा मुलगा नुसत्या बेल्टवर कायद्यात बसतो, बेल्टमध्ये मात्र तो बसत नाही. गाडीचा तीन बिंदूंचा बेल्ट मोठ्या माणसाच्या अंगासाठी आखलेला आहे. त्याचा खालचा पट्टा कमरेच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यांवर अडकावा अशी त्याची रचना आहे, आणि मुलांमध्ये हे उंचवटे पुरेसे वाढायला साधारण दहा वर्षे लागतात. शिवाय मागच्या बाकाची खोली मुलाच्या मांडीपेक्षा जास्त असते, त्यामुळे गुडघे वाकवता यावेत म्हणून मूल पुढे घसरून बसते, आणि पट्टा मांडीवरून सरकून मऊ पोटावर चढतो. धडकेत शरीर त्याखालून पुढे निसटते आणि तोच पट्टा आतडी, यकृत आणि पाठीचा कणा यांवर दाबला जातो. वरचा पट्टा गळ्याला घासतो म्हणून मूल तो काखेखालून घेते किंवा पाठीमागे टाकते. मग वरचे अर्धे शरीर मोकळेच राहते.

बूस्टर म्हणजे या दोन्ही पट्ट्यांना योग्य जागी नेणारी बैठक. १९ किलो झाल्याने तुमचा मुलगा १८ किलोच्या पाच पट्ट्यांच्या सीटमधून बाहेर पडला आहे, आणि ११२ सेंटिमीटर उंचीला त्याच्यासाठी पाठ असलेले, उंच बूस्टर हीच योग्य गोष्ट आहे. बिनपाठीचा, नुसता गादीसारखा बूस्टर स्वस्त आणि हलका असतो. युरोपीय नियमाने २०१७ पासून अशा नव्या बूस्टरना २२ किलो आणि १२५ सेंटिमीटरच्या पुढेच मान्यता दिली, यावरून काय ते समजावे. तुमच्या बाबतीत पाठ हवीच, कारण रत्नागिरीच्या वाटेवर मुलगा नक्की झोपणार, आणि बाजूंना आधार नसला की झोपलेले मूल बेल्टमधून बाहेर कलते. बूस्टर कधी सोडायचा याची परीक्षा वयाने घेऊ नका. पाठ बाकाला पूर्ण टेकलेली असताना गुडघे बाकाच्या कडेवर सहज वाकले पाहिजेत, खालचा पट्टा मांड्यांवर सपाट बसला पाहिजे, वरचा पट्टा गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मधोमध गेला पाहिजे, आणि हे सारे पूर्ण प्रवासभर टिकले पाहिजे. बहुतेक मुलांना हे १४५ सेंटिमीटरच्या आसपास साधते, म्हणजे दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान. मागच्या मधल्या जागेवर नुसता कमरेचा पट्टा असेल तर बूस्टर तिथे कधीही ठेवू नका. बूस्टरला तीन बिंदूंचाच बेल्ट लागतो.

चुलतभावाच्या सीटबद्दल मी थोडी साशंक आहे, आणि त्याचे कारण ती अमेरिकी आहे हे नाही. अमेरिकी सीट एफएमव्हीएसएस २१३ या तिथल्या नियमाने तपासलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच पुढे तोंड असताना पाच पट्ट्यांवर सुमारे २९ किलोपर्यंत चालतात, जे तुमच्या मुलासाठी खरे तर आकर्षक आहे. अडचण गाडीच्या बेल्टची आहे. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांत प्रवाशांचे बेल्ट पूर्ण ओढले की तिथेच कुलूप लागून घट्ट राहतात आणि सीट त्या कुलपावर उभी राहते. आपल्या अनेक गाड्यांत मागचे बेल्ट फक्त धक्का बसल्यावर अडकतात, एरवी सैल सुटतात, त्यामुळे ती सीट इथे बसवली की आठवड्याभरात हलू लागते. सीटवरच पट्टा पकडणारा अडसर असेल तर प्रश्न मिटतो. नसेल तर वेगळा धातूचा अडसर लागतो, आणि तो नीट लावणे नवख्याचे काम नाही. अमेरिकी सीटच्या छातीवरच्या क्लिपकडे पाहून पालक निर्धास्त होतात, पण ती क्लिप पट्टे जागच्या जागी ठेवण्यापुरती असते. धरून ठेवण्याचे काम पट्टे आणि खालचे बकल करतात. आणि पुढे तोंड असलेल्या अशा सीटला वरचा टेदर, म्हणजे सीटच्या डोक्यामागून जाऊन गाडीच्या पक्क्या कड्याला अडकणारा पट्टा, लावायलाच हवा, नाहीतर डोके कितीतरी अधिक पुढे जाते.

इथे तुमची सीएनजीची टाकी आडवी येते. अनेक हॅचबॅकमध्ये टेदरचे कडे मागच्या बाकाच्या पाठीवर किंवा डिकीच्या तळाशी असते, आणि नंतर बसवलेली टाकी ते झाकून टाकते किंवा टेदरची वाट अडवते. असे झाले की काही जण टेदर टाकीच्या चौकटीला बांधतात किंवा सामान अडकवायच्या हुकाला लावतात. गेल्या वर्षी ठाण्याच्या एका कुटुंबाची सीट माझ्याकडे आली, ती गाडीसोबत विक्रेत्यानेच ‘फुकट बसवून’ दिलेली होती, आणि तिचा टेदर किराणा मालाच्या पिशव्या टांगायच्या प्लास्टिकच्या हुकाला होता. मुलगा चौदा महिने तसाच फिरला होता. म्हणून आधी गाडीचे माहितीपुस्तक उघडा. त्यात बहुधा एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या जागेवर कोणत्या गटाची सीट चालते ते अक्षरांनी दिलेले असते. ‘यू’ म्हणजे सर्वसाधारण मान्यतेची सीट चालते, ‘यूएफ’ म्हणजे फक्त पुढे तोंडाची, आणि ‘एक्स’ म्हणजे तिथे सीट नकोच. मोफत मिळणारी, अत्यंत कामाची आणि कोणीही न वाचलेली अशी ती दोन पाने आहेत.

आयसोफिक्सबद्दल लोक हमखास विचारतात. बाकाच्या पाठीच्या आणि बैठकीच्या सांध्यात २८० मिलिमीटर अंतरावर असलेली ही दोन पक्की कडी आहेत. सीटचे दोन हात त्यांत अडकले की निशाणी हिरवी होते, आणि चूक होण्याची शक्यता पुष्कळ घटते. सुरक्षा स्वतः वाढते असे नाही. बेल्टने घट्ट बसवलेली सीट तितकीच चांगली असते, पण घट्ट बसवणे कठीण असते म्हणून आयसोफिक्स जिंकते. तुमच्या गाडीत ती कडी आहेत की नाहीत हे पाहण्याआधी सीटचे कव्हर काढा. रेक्झिनची शिवून बसवलेली कव्हरे आपल्याकडे पहिल्या आठवड्यात चढतात आणि आयसोफिक्स, बेल्टची बकले, कधीकधी सीटमधल्या एअरबॅगचे शिवणही त्यांखाली गाडले जाते. शिवाय त्या गुळगुळीत पृष्ठावर बूस्टर सरकतो. सीटला पाय असेल, म्हणजे जमिनीला टेकणारा आधार, तर तो पायाखालच्या पोकळ कप्प्यावर टेकत नाही ना हेही पाहावे.

दुकानात सीट घेण्यापूर्वी ती आपल्या गाडीत लावून पाहण्याचा आग्रह धरा. जो विक्रेता खोके उघडून खाली येत नाही त्याच्याकडून मी कधी घेत नाही. काही हॅचबॅकमध्ये मागचा बेल्ट छोट्या पाठमोऱ्या सीटला वळसा घालायला अपुराच पडतो, आणि हे फक्त लावूनच कळते. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो त्या जागी सीट हाताने धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. वरचे टोक थोडे हलले तर चालते. पाठमोऱ्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंडाच्या सीटमध्ये रेषेत किंवा किंचित वरून. हा फरक उलट लक्षात ठेवलेले पालक मला खूप भेटतात. पट्टे ओढल्यावर खांद्यापाशी त्यांची चिमूट धरता आली तर ते सैल आहेत.

मुंबईत जाड कोटाचा प्रश्न नसतो, पण रेनकोटचा असतो, आणि गणपतीत तो येणारच. रेनकोट, फुगीर फ्रॉक किंवा दुपट्यात गुंडाळलेले बाळ यांवरून पट्टे लावले तर आत चार बोटे हवा राहते आणि धडकेत ती नाहीशी होऊन पट्टे सैल पडतात. आधी ओले काढा, पट्टे लावा, मग वरून पांघरूण घाला. उन्हात उभ्या गाडीत बकलचा धातू चटका देतो, तो आधी हाताने तपासावा. सीटमध्ये झोपलेल्या बाळाला घरी नेऊन त्याच सीटमध्ये तासन्‌तास झोपू देऊ नये, कारण हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा येऊ शकतो.

गणपतीच्या प्रवासात पाच जणांची मांडणी अशी करा. मुलीची पाठमोरी सीट डाव्या बाजूला, म्हणजे फुटपाथच्या बाजूला, आणि पुढे तिच्यासमोर सासूबाई, कारण पाठमोऱ्या सीटसाठी पुढची सीट थोडी पुढे घ्यावी लागते आणि त्यांची उंची कमी आहे असे गृहीत धरते. मुलाचे बूस्टर चालकाच्या मागे. मधल्या जागेत तुम्ही, जर तिथे तीन बिंदूंचा बेल्ट असेल आणि दोन्ही बाजूंच्या सीट लावूनही तुमचे बकल सहज लागत असेल तर. नसेल तर मधे कोणीही बसू नये आणि पाचवी व्यक्ती रेल्वेने किंवा एसटीने जावी, हे मी कितीही अप्रिय वाटले तरी सांगते. पाठमोरी सीट कोणत्याही परिस्थितीत पुढे, चालू एअरबॅगसमोर, ठेवायची नाही. उघडणारी एअरबॅग थेट कवचावर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. सासूबाईंनी आणि तुम्हीही बेल्ट लावणे हा मुलांच्या सुरक्षेचाच भाग आहे, कारण बेल्ट न लावलेला मोठा माणूस गाडीतली सर्वांत जड सुटी वस्तू असतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा मागच्या सीटवर बेल्टविना झालेला मृत्यू सर्वांना आठवतो, आणि त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. टाकीमुळे डिकीत जागा नसल्याने नारळ, स्टीलचे डबे आणि पूजेचे साहित्य मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवायचा मोह होईल. तो टाळा, ते सारे पायांपाशी ठेवा.

टॅक्सीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येईल. काळीपिवळीत मागचे बेल्ट बहुधा कव्हरखाली दडलेले असतात. चालकाला विनंती करून ते काढून घ्यावेत. मुलाचे बूस्टर हलके असते, ते सोबत नेता येते. ऑनलाइन मिळणारी कापडी पट्ट्यांची ‘पोर्टेबल सीट’ मात्र घेऊ नका. तिला धक्का झेलणारे कवच नसते.

आता निर्णय. मुलीसाठी नवीन काही आज घेऊ नका, आहे ती सीट तपासून वापरा आणि मुलगी १२ किलोच्या आसपास आली की पाठमोरी मर्यादा मोठी असलेली सीट घ्या. मुलासाठी उंच पाठीचे बूस्टर प्रवासाच्या किमान आठ दिवस आधी घ्या, म्हणजे त्याला शाळेच्या वाटेवर सवय होईल. चुलतभावाला सामान बांधण्यापूर्वी त्या सीटचे तीन फोटो पाठवायला सांगा. एक निर्मितीच्या आणि वापर संपण्याच्या तारखेचे लेबल, दुसरा बेल्ट जातो त्या जागेचा, ज्यात पट्टा पकडणारा अडसर आहे की नाही ते दिसेल, आणि तिसरा वरच्या टेदरचा. ती सीट कधी अपघातातल्या गाडीत होती का, हेही स्पष्ट विचारा. तुम्ही तुमच्या गाडीत, कव्हर काढून आणि डिकी उघडून, टाकीसकट टेदरच्या कड्याचा फोटो घ्या. दोन्ही बाजूंचे फोटो जुळले तर सीट येऊ द्या. कडे टाकीमागे गेलेले असेल, तर त्याला विमानात त्या वजनाचे दुसरे काही आणायला सांगा.